आगरकरांचा हॅम्लेट

आमच्या हिंगणघाटात एका इंग्रजाची कबर आहे. कर्नल विल्यम लॅम्बटन हे त्याचे नाव. सारा हिंदुस्थान साखळीने आणि दुर्बिणीने मोजायला निघालेला हा गृहस्थ जानेवारी १८२३ मध्ये आमच्या गावी वारला व इथल्याच मातीत राहिला. कॉलेजात येईपर्यंत इंग्रजांशी माझा संबंध काय तो एवढाच. पुढे त्यांचे व्यापारी आले ते कापसासाठी. हिंगणघाटी या नावाने इथला कापूस विलायतेच्या बाजारात ओळखला जाई. जमीन मोजायला एक आला, कापूस न्यायला दुसरे आले. कविता आणि नाटके घेऊन मात्र वणा नदीच्या काठी कोणी उतरल्याचे ऐकिवात नाही. ती आम्हाला अभ्यासक्रमातून भेटली, आणि खरे सांगायचे तर गाईडमधून भेटली.

माझे बाबा जिनिंगमध्ये कामाला आहेत. आई हंगामात लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय हा विषय घेतला तेव्हा वाङ्मय म्हणजे काय, असे घरी कोणी विचारले नाही. इंग्रजी म्हणजे नोकरी, एवढा अर्थ सर्वांनी घेतला. मीही तोच घेतला होता, खोटे कशाला बोलू?

मग चाचणी परीक्षा आली. हॅम्लेट बापाच्या खुनाचा सूड घेण्यास विलंब का लावतो, असा प्रश्न होता. मी गाईडमधले उत्तर रात्रभर घोकून ठेवले होते, ते जसेच्या तसे उतरवले आणि खुशीत घरी आले. चार दिवसांनी आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि सांगितले की सतरा जणांचे उत्तर एकच आहे, अगदी स्वल्पविरामासकट. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी मला उभे केले व इतकेच विचारले की हे सर्व ठीक आहे, पण तुला काय वाटते? मला काहीच वाटत नव्हते. हॅम्लेटविषयी मला काही वाटू शकते, तसे वाटण्याचा मला हक्क आहे, हेच मुळी ठाऊक नव्हते. खाली बसले तेव्हा कान तापले होते.

ग्रंथालयात गेले ती दुसरे एखादे गाईड शोधायला. आमच्या ग्रंथपालांनी हॅम्लेट हा शब्द ऐकला आणि आगरकरांच्या निबंधांचा एक जुना खंड समोर ठेवला. मला वाटले, त्यांच्या ऐकण्यात काही चूक झाली. आगरकर म्हणजे समाजसुधारक. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे चित्र होते, पगडी घातलेले. त्यांचा आणि डेन्मार्कच्या राजपुत्राचा संबंध काय? तो संबंध शोधता शोधता हा लेख झाला. माझ्या बाकावरच्या मित्रमैत्रिणींनी तो वाचावा, आणि प्राध्यापकांनी चुका पोटात घालाव्यात, ही विनंती.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची. कऱ्हाडला थोडे इंग्रजी शिक्षण झाले आणि पुढचा रस्ता बंद झाला. मग कधी कचेरीत कारकुनी, कधी कंपाउंडरचे काम, कधी माधुकरी. शिकण्यासाठी रत्नागिरीला गेले, तेथे जमले नाही. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने ते आले ते कोठे, तर अकोल्यास! हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले व जरा वेळ नुसतीच बसले. मागल्या उन्हाळ्यात मावसबहिणीच्या लग्नाला आम्ही अकोल्याला गेलो होतो. वर्ध्याला गाडी बदलली की झाले. ज्या माणसाचे चित्र मी पुण्याच्या कुठल्याशा वाड्यात ठेवले होते, तो माणूस आपल्याच बाजूच्या उन्हात, याच मोठ्या रेल्वेरस्त्यावरच्या एका गावात मॅट्रिकचा अभ्यास करीत होता. १८७५ साली आगरकर अकोल्याहून मॅट्रिक झाले. त्या दिवसांत खर्च भागावा म्हणून 'वऱ्हाड समाचार' या पत्रासाठी ते लिहीत असत.

येथे एक गोष्ट मनात आली ती लिहून टाकते. आगरकरांची गरिबी वाचून माझे डोळे भरून आले हे खरे. पण माधुकरी मागून शिकण्याची वाट त्या काळी ब्राह्मणाच्या मुलालाच मोकळी होती. माझा खापरपणजा त्याच वेळी कुठेतरी कोणाच्या तरी वावरात निंदण करीत असेल. त्याला कोणी ताटात वाढून शाळेत पाठवले नसते. गरिबी गरिबीतही फरक असतो. आगरकरांना हे कळत नव्हते असे नाही. पुढे जातिभेदावर त्यांनी जे कोरडे ओढले त्यावरून ते दिसतेच. असो.

अकोल्याच्या शाळेत त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी हे हेडमास्तर लाभले. आपल्या विदर्भातील मुलांनाही हे नाव आज फारसे माहीत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. महाजनी एम.ए. झालेले, इंग्रजी काव्यनाटकांचे रसिक. वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात त्यांनी आयुष्य काढले आणि १९०७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. पण माझ्या दृष्टीने त्यांचे मोठेपण वेगळे आहे. शेक्सपिअरची तीन नाटके त्यांनी मराठीत आणली. 'सिंबेलीन'वरून 'तारा' हे नाटक १८७९ मध्ये, 'विंटर्स टेल'वरून 'मोहविलसित' १८८१ मध्ये, आणि 'ऑल्स वेल दॅट एण्ड्स वेल'वरून 'वल्लभानुनय' त्यानंतर. म्हणजे वऱ्हाडात नोकरी करणारा एक मास्तर, शाळेची हजेरी आणि परीक्षा सांभाळून, शेक्सपिअरला मराठी बोलायला शिकवीत होता. आम्ही मात्र समजतो की इंग्रजी वाङ्मय ही मुंबई-पुण्याकडची वस्तू आहे.

या गुरुशिष्यांची एक आठवण सांगतात. शाळेत महाजनी एकदा आगरकरांना टाकून बोलले, तुमच्या हातून काही व्हायचे नाही अशा अर्थाचे. त्यावर या मुलाने उत्तर दिले की तुमच्यासारखा एम.ए. झालो नाही तर नाव लावणार नाही. पुढे हेच महाजनी त्यांचे आधार झाले. गुरूचा टोमणा मनाला लावून घेतला तर त्याचे काय करता येते, ते यावरून दिसते. मला टोमणासुद्धा मिळाला नव्हता, नुसता एक प्रश्न मिळाला होता.

१८७६ च्या सुमारास आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगात एकच सदरा. तो रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी पुन्हा चढवायचा. परीक्षेच्या फीला पैसे नव्हते म्हणून एका नाटक मंडळीसाठी नाटक लिहून ते मिळवावेत असा त्यांचा विचार चालला होता. गणिताचे प्रसिद्ध प्राध्यापक केरूनाना छत्रे यांना हे कळले आणि त्यांनी पैशांची सोय केली, असेही सांगतात. ते नाटक राहून गेले. कोणते नाटक असते ते? फीच्या रकमेसाठी घाईने लिहिलेले ते नाटक बहुधा सामान्यच झाले असते. केरूनानांनी मराठी रंगभूमीला एका सामान्य नाटकापासून वाचवले आणि एका चांगल्या नाटकासाठी माणूस शिल्लक ठेवला, असे मी गमतीने मनाशी म्हणते.

कॉलेजात त्यांनी मिल आणि स्पेन्सर वाचले. पटल्याशिवाय काही मानायचे नाही, ही त्यांची पुढे प्रसिद्ध झालेली बुद्धिवादी वृत्ती या वाचनातून घट्ट झाली. तेथेच १८७९ मध्ये टिळकांची गाठ पडली. एम.ए.च्या सुमारास त्यांनी आईला पत्र पाठवले. आपला मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता त्याला मोठ्या पगाराची नोकरी लागेल, अशी आशा तिने धरू नये. पोटापुरते मिळवून बाकीचा सर्व वेळ तो लोकांच्या कामी घालवणार आहे, असा त्या पत्राचा आशय. महाराष्ट्रात हे पत्र फार गाजले आहे. सगळे मुलाचा त्याग वानतात. मी मात्र त्या आईचा विचार करीत राहिले. तिने ते पत्र कोणाकडून वाचून घेतले असेल? वाचणाऱ्याने ते वाक्य मोठ्याने वाचले तेव्हा तिने काय केले असेल? माझ्या आईला असे पत्र पाठवण्याची माझी छाती नाही, आणि तशी इच्छाही नाही, हे प्रांजळपणे सांगते.

१८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम.ए. होऊन आगरकर त्यांना मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली आणि 'केसरी'चे संपादक आगरकर झाले. तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते. आणि आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या भागाकडे येते.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी हे दत्तक आलेले होते. त्यांना वेड लागले आहे असे सांगून त्यांना बंदोबस्तात ठेवले होते. हे वेड खरे नाही, कारभारी माधवराव बर्वे यांच्या राज्यात महाराजांचा छळ होतो आहे, असा बोभाटा झाला. त्याला आधार म्हणून काही पत्रे 'केसरी' व 'मराठा' यांच्या हाती आली आणि त्यावर लेख लिहिले गेले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात ती पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची कैद झाली व मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, ते सुटले. दोघे एकाच कोठडीत. रात्री त्यांचे वाद इतके रंगत की पहारेकऱ्यांना येऊन त्यांना गप्प करावे लागे. या दिवसांवर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस' हे पुस्तक लिहिले. आणि याच तुरुंगात त्यांनी 'हॅम्लेट'च्या भाषांतराचे काम केले. १८८३ मध्ये ते 'विकारविलसित' या नावाने छापून निघाले. गुरूचे 'मोहविलसित', शिष्याचे 'विकारविलसित'. नावांचा साचाही एकच. हॅम्लेट तेथे चंद्रसेन झाला.

चरित्रांमध्ये तुरुंग आणि भाषांतर या दोन गोष्टी एकापुढे एक येतात व लेखक पुढे जातात. पण मला त्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. नाटकात काय आहे ते आठवा. एक राजपुत्र आहे. तो वेडा आहे असे दरबार म्हणतो. तो खरा वेडा की वेड पांघरलेला, हे कोणास कळत नाही. भोवती हेर आहेत, पत्रे फोडली जातात, बनावट पत्रे तयार होतात. वेडा ठरवलेल्या एका राजपुत्रासाठी तुरुंगात गेलेला संपादक तुरुंगात बसून हे भाषांतर करीत होता. त्याला कोल्हापूर आठवले नसेल काय? पुढे डिसेंबर १८८३ मध्ये, भाषांतर निघाले त्याच वर्षी, ते दुर्दैवी छत्रपती अहमदनगरला विशीतच वारले. आपल्या गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर हा मृत्यू झाला.

याहून मोठी गोष्ट मला पुढे सुचली आणि तीच माझ्या परीक्षेचे उत्तर झाली. हॅम्लेटला बापाचे भूत भेटते आणि खून कोणी केला ते सांगते. आता पुरावा मिळाला, उठावे आणि तलवार चालवावी! पण तो तसे करीत नाही. हे भूत खरेच बापाचे की सैतानाने घेतलेले सोंग, अशी त्याला शंका येते. म्हणून तो नटांकडून तशाच खुनाचे नाटक करवून घेतो आणि काकाच्या चेहऱ्याकडे टक लावून बसतो. गाईडमध्ये विलंबाची कारणे पाच दिली आहेत; दुबळे मन, अति विचार, वगैरे. पण निदान तिसऱ्या अंकापर्यंत तरी विलंबाचे कारण सरळ आहे. त्याला खात्री करून घ्यायची आहे. ऐकीव गोष्टीवर माणूस मारणे त्याला पटत नाही.

आणि आगरकर तुरुंगात का होते? तर हाती आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवला म्हणून. हेतू उत्तम, पण पत्रे बनावट. ज्याने पुढे आयुष्यभर महाराष्ट्राला सांगितले की पुराव्यावाचून, विचारावाचून काही मानू नका, रूढीचेही नाही आणि ग्रंथाचेही नाही, त्या माणसाला पंचविशी उलटताना हा धडा भिंतीआड मिळाला. आणि त्या भिंतीआड त्याच्या हातात नाटक होते ते भुताच्या साक्षीची परीक्षा घेणाऱ्या राजपुत्राचे. आगरकरांनी असे कोठे लिहिले आहे, असा माझा दावा नाही. ही माझी जुळणी आहे. ती चुकीची वाटली तर मॅडमनी खुशाल तांबडी रेघ मारावी.

आता थोडे भाषांतराविषयी. शेक्सपिअर मराठीत आगरकरांनी प्रथम आणला असे नव्हे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा 'ऑथेल्लो' १८६७ चा. पण निवड कोणती, हे पाहण्यासारखे आहे. महाजनींनी घेतलेली तिन्ही नाटके शेवटी गोड होतात. ताटातुटी संपतात, हरवलेली माणसे परत भेटतात. आपल्या संस्कृत नाटकांची रीत हीच. रामायणातली सीता धरणीच्या पोटात जाते, पण भवभूतीने 'उत्तररामचरिता'त रामसीतेची भेट घडवून आणली, कारण प्रेक्षकाला रडवत घरी पाठवणे आपल्या शास्त्राला मान्य नव्हते. भासाचे 'ऊरुभंग' निराळे आहे, परंतु ते सापडले विसाव्या शतकात. अशा वाचकांपुढे आगरकरांनी जे नाटक ठेवले त्याच्या शेवटी राजा, राणी, राजपुत्र आणि मुलीचा भाऊ असे चौघे मरून पडतात, आणि शेवट गोड करून दिलेला नाही. पुढे समाजालाही त्यांनी असेच कडू औषध पाजले. नाटकाला त्यांनी मोठी प्रस्तावनाही जोडली. शिवाय 'कवि, काव्य, काव्यरति' आणि 'शेक्सपीअर, भवभूति व कालिदास' असे त्यांचे निबंध आहेत. या दुसऱ्या निबंधाचे नुसते नाव वाचून मला जे वाटले ते सांगते. तीन नावे एका ओळीत. इंग्रज मोठा म्हणून त्याला पाट निराळा नाही, आपले म्हणून आपल्याला वर बसवणे नाही. एकाच पंगतीत तिघे. इंग्रजी वाङ्मय आम्ही वाचतो ते मान वर करून, जणू डोंगराकडे बघावे तसे. शेजारी आपले काही ठेवून बघण्याची हिंमतच होत नाही.

म्हणून मी तसे करून पाहिले. रामाने लोकांच्या तोंडच्या गोष्टीवर सीतेला वनात धाडले. हॅम्लेट भुताच्या तोंडच्या गोष्टीचीही परीक्षा घेतो. या बाबतीत मला हॅम्लेट उजवा वाटला. पण हाच हॅम्लेट आईवरचा राग ऑफिलियावर काढतो आणि तिला घालवून देतो, तेव्हा तिच्याविषयी मात्र कोणतीच परीक्षा घेत नाही. तेथे तो रामाच्या शेजारी येऊन बसतो. आणि भवभूतीच्या रामाला निदान रडायला तरी पुरा एक अंक दिला आहे.

भाषांतराची भाषा मात्र आज जड जाते. नावापासूनच पाहा ना! विकारविलसित हा शब्द आमच्या वर्गात चारदा विचारून पाहिला, एकालाही अर्थ सांगता आला नाही. मनोविकारांचा खेळ, असा काहीसा अर्थ. संस्कृत वळणाची ही भाषा त्या काळच्या शिकलेल्या लोकांची. मूळ नाटकातली थडगे खणणारी माणसे साधी, गावंढळ, चावट बोलतात. त्यांना आमच्याकडची बोली दिली असती तर काय बहार झाली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही. तरीही रंगभूमीवर हे नाटक उभे राहिले आणि टिकले. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी चंद्रसेन होत, स्त्रियांच्या भूमिका बळवंतराव जोग करीत. गणपतरावांचा हॅम्लेट पाहायला लोक पुन्हा पुन्हा जात. इंग्रजीचे अक्षर न जाणणाऱ्या माणसांनी तो पाहिला आणि त्यांना तो कळला. आम्हाला टिपणे घेऊनही कळत नाही. पुढे याच पुण्याच्या गोतावळ्यातून वासुदेवराव केळकरांची 'त्राटिका' आली. त्याच सुमारास देवलांचा 'झुंझारराव' आला. विसाव्या शतकात शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'वरून 'राजमुकुट' केले, विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' केले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकरांच्या छायेत शिकलेल्या कृष्णाजी केशव दामले या मुलाने इंग्रजी सुनीताचा साचा मराठीत आणला. तेच आपले केशवसुत, आणि हे केशवसुत काही दिवस वर्ध्यालाही शिकायला होते, हे जाता जाता सांगून टाकते.

बाकीचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, यावर मित्रामित्रांत फाटले. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. सनातनी लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर पोखरले होते. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यास महिना राहिला असता, गेले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.

'सुधारका'तील त्यांच्या एका निबंधाचा विषय मात्र सांगितला पाहिजे. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असा तो आहे. मी हा निबंध आमच्या ग्रंथालयात, मुलामुलींच्या एकाच लांब टेबलाशी बसून वाचला. समोर दोन मुले मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत होती. त्यांना हे टेबल मिळवायला कोणाला काय सोसावे लागले ते सांगावे असे वाटले, पण सामना रंगात होता.

ऑफिलियाबद्दल मी जास्त विचार करते, याचे कारण लपवत नाही. गेल्या दिवाळीत आमच्या एका नातलगांनी माझ्यासाठी स्थळ आणले होते. बाप एक सांगतो, भाऊ दुसरे सांगतो, राजपुत्र तिसरेच सांगतो, आणि त्या मुलीला तुला काय वाटते असे सबंध नाटकात कोणी विचारत नाही. मला मॅडमनी विचारले होते. घरी बाबांनीही शेवटी विचारले. मी म्हटले, बी.ए. होऊ द्या. ते होऊ देत आहेत.

चाचणी मी पुन्हा लिहून दिली, माझ्या मोडक्या इंग्रजीत. भुताची साक्ष, बनावट पत्रे, खात्री करून घेणे, सगळे लिहिले. गाईडच्या उत्तराला दहापैकी सात गुण होते, याला साडेपाच मिळाले. व्याकरणाचे दीड गेले. मॅडमनी समासात बारीक अक्षरात दोन प्रश्न लिहिले आहेत. त्यांची उत्तरे अजून मला सापडलेली नाहीत.

परवा रात्री आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला मी हॅम्लेटची गोष्ट सांगितली, आमच्या घरच्या बोलीत. भुताच्या वेळी तिला नवल वाटले नाही. तशी भुते आमच्या आजोळच्या शिवेवरही आहेत. राणीचा तिला राग आला. ऑफिलिया पाण्यात बुडाली तिथे ती थांबली, हातातली शेंग तशीच धरून, आणि तिने विचारले की त्या पोरीचे क्रियाकर्म नीट केले की नाही लोकांनी? मला सांगता येईना. गाईडमध्ये ते नव्हते. उठून मूळ नाटक काढले, पाचवा अंक उघडला, आणि तेथे कबरीपाशी नेमका हाच वाद चाललेला होता. तिने जीव दिला की अपघात झाला, याचा संशय असल्यामुळे धर्मगुरू तिला पुरे विधी द्यायला तयार नाही, आणि तिचा भाऊ त्याच्याशी भांडतो आहे. मी आईला ते शब्द शब्द लावून सांगत गेले. शेंगा संपल्या तरी ती उठली नाही.